नागपूर लोकसभा : गाव संघाचं, खासदार कोणाचे?

बर्डीवाला

परवा हैदराबादच्या ऑफिसात डबा खाता खाता एक सहकारी म्हणाला, "तुमच्या नागपुरात काय, भाजपनं दगड उभा केला तरी निवडून येतो. संघाचं गाव ते." मी म्हटलं, भाऊ, जरा दम धर. मग घरी येऊन जुने निकाल काढून बसलो. त्यातून हा धागा.

१९५२ पासून २०२४ पर्यंत लोकसभेच्या अठरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. त्यात नागपुरात काँग्रेस (फुटीनंतरची इंदिरा काँग्रेस धरून) बारा वेळा, भाजप चार वेळा. उरलेल्या दोन इतर. भाजपच्या चार म्हणजे १९९६, २०१४, २०१९, २०२४. संघ स्थापन झाला १९२५ साली, इथल्या महाल भागात. त्याच गावातून भाजपचा पहिला खासदार दिल्लीला जायला एकाहत्तर वर्षं लागली. आणि तो खासदार तरी कोण? बनवारीलाल पुरोहित. जे त्याआधी १९८४ आणि १९८९ ला याच जागेवरून काँग्रेसचे खासदार होते!

१९९६ नंतर तरी गड पक्का झाला का? नाही. १९९८, १९९९, २००४, २००९ सलग चार वेळा विलास मुत्तेमवार. भाजपनं दर वेळी वेगळा माणूस दिला. रमेश मंत्री, विनोद गुडधे पाटील, अटलबहादूर सिंग आणि शेवटी पुन्हा पुरोहित. चौघेही पडले. दिल्लीत वाजपेयी पंतप्रधान आणि मुख्यालयाच्या गावात काँग्रेसचा खासदार, असं सहा वर्षं चाललं.

तेव्हा प्रश्न असा की आपलं गाव नेमकं मत देतं कोणाला? पक्षाला, माणसाला, की आणखी कशाला? जाणकारांनी भर घालावी. आजचे राजकीय दंगे कृपया दुसऱ्या धाग्यावर.

मुळामुठा

माहितीपूर्ण. मलाही नागपूर म्हणजे भाजपचा बालेकिल्ला असंच वाटायचं. पण महापालिका आणि आमदार तर भाजपचेच असतात ना?

आकडेमोड

तीच तर गंमत आहे. २००९ घ्या. मे महिन्यात लोकसभेचा निकाल लागला, मुत्तेमवारांनी पुरोहितांना चोवीस हजारांच्या आसपास मतांनी पाडलं. पाच महिन्यांनी ऑक्टोबरात विधानसभा झाली. मतदार तेच, मतदारसंघही तेच सहा. भाजपनं त्यातले चार घेतले : दक्षिण-पश्चिम, पूर्व, मध्य आणि पश्चिम. काँग्रेसकडे फक्त दक्षिण आणि उत्तर. महापालिकेत तर २००७ पासून भाजपच होती. म्हणजे नळाच्या तक्रारीला भाजपचा नगरसेवक आणि दिल्लीला काँग्रेसचा खासदार, ही वाटणी लोकांनी डोळे उघडे ठेवून केली होती.

तात्या_महाल

बर्डीवाला, लिहिलं बरं आहेस, पण खरा माल तू "उरलेल्या दोन इतर" या तीन शब्दांत गुंडाळलास. ते दोन म्हणजे १९६२ चे लोकनायक बापूजी अणे आणि १९७१ चे जांबुवंतराव धोटे. नागपूरचं मत समजून घ्यायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

आधी एक गोष्ट लक्षात घे. १९५२ ला नागपूरनं अनसूयाबाई काळे यांना निवडून दिलं तेव्हा हे शहर मध्य प्रदेशात होतं, आणि त्याची राजधानीही होतं. १९५७ ला त्याच पुन्हा निवडून आल्या तेव्हा आपण द्विभाषिक मुंबई राज्यात. १९६२ ला मत दिलं तेव्हा महाराष्ट्रात. शहर जागचं हललं नाही, पण लागोपाठ तीन निवडणुका तीन वेगवेगळ्या राज्यांत राहून दिल्या. राजधानी हातची गेली. राज्य पुनर्रचनेसाठीच्या फाजल अली आयोगानं १९५५ साली वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, ती बासनात गेली. नागपूर करारातलं हिवाळी अधिवेशन तेवढं पदरात पडलं. हे दुखणं घेऊन माणसं मतदान केंद्रावर जात होती.

अनसूयाबाई साध्यासुध्या उमेदवार नव्हत्या. १९३७ नंतर मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेच्या उपाध्यक्ष. १९४२ च्या आंदोलनातल्या चिमूर-आष्टीच्या कैद्यांना फासावरून वाचवण्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं. १९५८ मध्ये त्या गेल्या. पोटनिवडणुकीत बापूजी अणे आले आणि १९६२ ला विदर्भाच्या मागणीवर, काँग्रेसशिवाय, पुन्हा निवडून आले. तेव्हा वय एक्याऐंशी! आधी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी राजीनामा देऊन बाहेर पडले, पुढं बिहारचे राज्यपाल झाले. एवढं सगळं करून झालेला माणूस म्हातारपणी विदर्भासाठी मत मागायला आला आणि गावानं दिलं.

धोट्यांचं नंतर लिहितो. डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली.

संत्राबर्फी

तात्याकाका, थेंब घाला आणि लवकर या. आम्ही बसलोय.

कोष्टीपुरा

तात्या बराबर सांगून राह्यले. आमच्या आजीले राज्य-बिज्य काई समजत नव्हतं, पण "आपली राजधानी नेली मुंबईवाल्यानं" हे वाक्य तिच्या तोंडात पाठ होतं. साडी विणता विणता बडबडे.

तात्या_महाल

आलो. तर १९७१.

मी बावीस वर्षांचा. मतदानाचं वय तेव्हा एकवीस होतं, अठरा झालं ते १९८९ च्या निवडणुकीपासून. म्हणजे १९७१ चं माझं पहिलं मत. वडील एम्प्रेस मिलमध्ये जॉबर. घर काँग्रेसचं. सगळीकडे इंदिराबाईंची लाट. महाराष्ट्रात पंचेचाळीसपैकी बेचाळीस जागा त्यांच्या गाय-वासराच्या निशाणीनं नेल्या. ज्या तीन सुटल्या त्यातली एक नागपूर.

चिटणीस पार्कला धोट्यांची सभा होती. सातची वेळ, माणूस आला साडेनऊला. कोणी उठून गेलं नाही. भिंतीवर, झाडावर, समोरच्या घरांच्या गॅलरीत माणसं. शेंगदाणेवाल्याची टोपली रिकामी होऊन तो तीच डोक्यावर उपडी ठेवून ऐकत उभा. दाढी, मागे फिरवलेले केस आणि आवाज असा की माइक बंद पडला तरी चाललं असतं. विषय नेहमीचेच : विदर्भाचा कापूस, विदर्भाचा कोळसा, विदर्भाचं जंगल आणि विदर्भाच्या पोरांना नोकऱ्या का नाहीत. विधानसभेत अध्यक्षांच्या दिशेनं पेपरवेट भिरकावणारा हाच तो माणूस, हे प्रत्येकाला माहीत होतं. त्यापायी आमदारकी गेली, तर यवतमाळकरांनी पुन्हा निवडून पाठवलं, हेही माहीत होतं. त्या पेपरवेटचं आम्हाला काय कौतुक! आज विचार केला तर लाजच वाटते थोडी.

मी धोट्यांना मत दिलं. वडील गाय-वासरावर शिक्का मारून आले. संध्याकाळी दोघंही एकमेकांशी बोललो नाही. फॉरवर्ड ब्लॉकच्या तिकिटावर नागपूरसारख्या शहरातून माणूस लोकसभेत गेला. त्या पक्षाचं इथं पुढं-मागं काहीही नव्हतं. ते मत फॉरवर्ड ब्लॉकला नव्हतंच.

आणि आता याच्यापुढची मजा. १९७७. आणीबाणी उठली, सुटून आलेले स्वयंसेवक आमच्या गल्लीत घरोघर फिरत होते. महालात उभं राहून बघितलं तर जनता पक्षाशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं. उत्तरेत इंदिराबाई स्वतः पडल्या, संजय पडले. नागपुरात निवडून कोण आलं? काँग्रेसचे गेव्ह आवारी. १९७१ ला लाटेत उलटं पोहलो आणि १९७७ ला पुन्हा उलटंच!

मुळामुठा

आवारी म्हणजे पारशी? नागपुरात पारशी खासदार? हे खरंच माहीत नव्हतं.

बर्डीवाला

हो, पारशी. जमशेटजी टाटांनी इथं १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू केली, बेझनजी मेहता तिचे व्यवस्थापक. पारशांचा नागपूरशी संबंध जुना आहे. आणि गेव्ह आवारींचे वडील म्हणजे जनरल मंचरशा आवारी. १९२७ चा नागपूरचा शस्त्र सत्याग्रह त्यांचाच. हातात तलवार घेऊन हत्यारबंदीचा कायदा मोडायचा. "जनरल" ही पदवी लोकांनी दिलेली. तेव्हा आवारी हे आडनाव इथं परकं नव्हतं.

१९७७ बद्दल एक जोडतो. तो काही फक्त नागपूरचा चमत्कार नव्हता. जनता लाटेतही विदर्भानं काँग्रेसला सांभाळलं. पक्ष फुटल्यावर १९७८ च्या विधानसभेतही इंदिरा काँग्रेसचा जोर विदर्भातच होता, त्यावरच नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. मुंबई-पुण्याकडचे नेते इंदिराबाईंना सोडत होते, मग आपण त्यांच्या बाजूनं, असं काहीसं मानस असावं. हा माझा अंदाज, पुरावा मागू नये.

कोष्टीपुरा

अन् तात्या, १९८० चं काहून नाई सांगत? ज्या धोट्यानं गाय-वासराले पाडलं, तोच धोटे १९८० ले हाताच्या पंजावर मत मागून राह्यला होता! इंदिरा काँग्रेसचा उमेदवार. अन् आला ना निवडून. आमचे बाबा म्हणे, निशाणी बदलली म्हणून माणूस थोडीच बदलते.

तात्या_महाल

दुखरी नस पकडलीस बाबा. १९८० ला मी मत द्यायला गेलोच नाही. रागानं. आता वाटतं, जायला हवं होतं, कारण समोर ए. बी. बर्धन होते. कॉम्रेड बर्धन १९६७ लाही उभे होते, नरेंद्र देवघरे निवडून आले तेव्हा. १९५७ ला विधानसभेवर अपक्ष म्हणून गेलेला हा माणूस, गिरणी आणि वीज कामगारांत त्याचा शब्द चाले, पण लोकसभेला नागपूरनं त्यांना दोन्ही वेळा पाडलं. वडील युनियनच्या सभेला बर्धनांचं भाषण ऐकून यायचे, घरी येऊन तोंडभरून कौतुक करायचे आणि मत काँग्रेसला द्यायचे. विचारलं की म्हणायचे, "पगारवाढीसाठी बर्धन, देशासाठी इंदिरा."

इंदोरा_चौक

एवढं वाचून झालं, आता जरा कामठी रोडच्या या बाजूला या. आतापर्यंतच्या चर्चेत महाल आहे, बर्डी आहे, गिरणी आहे. दीक्षाभूमी कुठाय?

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी याच शहरात धम्मदीक्षा दिली. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष याच शहरात स्थापन झाला. ज्याला सगळे "संघाचं गाव" म्हणतात ते आमच्यासाठी दीक्षेचं गाव आहे, आणि दोन्ही एकाच शहरात, चारेक किलोमीटरच्या आत नांदतात. तरी रिपब्लिकन पक्षाचा एकही खासदार नागपूरनं दिला नाही. गटतट आमचेच, दोष दुसऱ्याला देत नाही.

पण खासदार आमचा नसला तरी खासदार कोण हे आमच्या मतांनी बऱ्याचदा ठरवलं. १९९८ बघा. सगळे गट एकत्र आले, काँग्रेसशी युती झाली आणि महाराष्ट्रातून चार रिपब्लिकन खासदार गेले : प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई आणि जोगेंद्र कवाडे. त्यातले कवाडे सर आमच्या नागपूरचे, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठीच्या लाँग मार्चवाले. त्यांना जागा मिळाली चिमूर. आणि चिमूरचे जुने खासदार कोण होते? विलास मुत्तेमवार! ते तिथून नागपुरात आले. मुत्तेमवारांची पुढची चार टर्म या अदलाबदलीतून सुरू झाली. त्या वर्षी आमच्या वस्तीत पंजाचा प्रचार निळ्या झेंड्याखाली झाला. माझ्या वडिलांनी ४ ऑगस्ट १९७८ चा नामांतराचा गोळीबार याच चौकात पाहिला होता. राज्यकर्त्यांबद्दल त्यांच्या मनात काय असेल ते समजून घ्या. तरी ते सकाळी साडेसातला रांगेत होते.

आकडेमोड

इंदोरा_चौक, चिमूरची कडी माझ्या लक्षात आली नव्हती. मान्य.

फक्त एक सर्वमान्य समज खोडतो. "बसपा मतं खाते म्हणून काँग्रेस पडते" असं नागपुरात कायम बोललं जातं. २००९ ला बसपानं सव्वा लाखाच्या जवळ, १ लाख १८ हजारांवर मतं घेतली. निवडून कोण आलं? काँग्रेस. २०२४ ला बसपा वीस हजारांच्या आत आली आणि वंचितनं उमेदवारच दिला नाही, काँग्रेसच्या विकास ठाकरेंना पाठिंबा दिला. निवडून कोण आलं? भाजप. गणित एवढं सोपं असतं तर मी नोकरी सोडून निवडणुकाच लढवल्या असत्या.

इंदोरा_चौक

खोडा, पण पूर्ण खोडा. २०१९ ते २०२४ गडकरींची मतं ६,६०,२२१ वरून ६,५५,०२७ वर आली, म्हणजे जवळजवळ तिथंच. काँग्रेसची ४,४४,२१२ वरून ५,१७,४२४ वर गेली. ही वाढ कुठून आली ते बूथवर बसलेल्या आम्हाला माहीत आहे. उत्तर नागपुरात काँग्रेस पुढे होती.

आकडेमोड

मान्य. त्र्याहत्तर हजारांची वाढ हवेतून आली नाही.

झेंडावंदन

एवढा इतिहास उगाळताय, पण सरळ कारण कोणी लिहीत नाही. २०१४ ला मोदी लाट आणि गडकरींचं काम. मेट्रो बघा, रस्ते बघा. बाकी सगळी पोपटपंची.

बर्डीवाला

झेंडावंदनभाऊ, लाट होतीच, पण १९७१ ला आणि १९७७ लाही लाटा होत्या, तेव्हा नागपूर काय करत होतं ते वर तात्यांनी लिहिलंय. आणि मेट्रोचं भूमिपूजन झालं ऑगस्ट २०१४ मध्ये, निवडणूक झाली एप्रिलमध्ये. तेव्हा २०१४ चं मत मेट्रोला असू शकत नाही.

गडकरींच्या बाबतीत मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. १९८५ ला ते पश्चिम नागपुरातून विधानसभेला पडले. त्यानंतर १९८९ पासून पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर. राज्यात बांधकाम मंत्री झाले, पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले, पण सगळ्या मतदारांनी निवडून दिलं असं २०१४ पर्यंत एकदाही घडलं नव्हतं. आणि आले तर थेट चार वेळच्या खासदाराला २ लाख ८४ हजारांनी हरवून. १९९६ ला भाजपला काँग्रेसमधून आलेला माणूस लागला होता. २०१४ ला पहिल्यांदा स्वतःच्या मुशीतला, महालातला माणूस निवडून आणता आला. मुख्यालयाच्या गावातला विजय मी तरी २०१४ पासून मोजतो.

तात्या_महाल

हे बरोबर. आणि झेंडावंदन, आमच्या गल्लीत गडकरींना मत देणारी काही घरं अशी आहेत की ज्यांनी भाजपला उभ्या जन्मात मत दिलं नव्हतं. "आपला माणूस दिल्लीत वजनदार आहे" हा त्यांचा हिशेब. हाच हिशेब त्यांनी आधी मुत्तेमवारांसाठी केला होता, केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचे राज्यमंत्री झाले तेव्हा.

कोष्टीपुरा

पुरोहितजीची गोष्ट अर्धीच राह्यली. मी सांगतो, कारण आमच्या मध्य नागपुरात तिचा लय धुरळा उडाला होता.

१९८४ अन् १९८९ ले काँग्रेस. मंग राममंदिराच्या प्रश्नावर काँग्रेस सोडली, भाजपात गेले. १९९१ ले कमळावर उभे राह्यले तर दत्ता मेघेनं पाडलं. मेघे काँग्रेसचे. १९९६ ले मेघे रामटेकले गेले अन् इकडं पुरोहित कमळावर निवडून आले. मंग पुन्हा भाजपाशी फाटलं. २००४ ले विदर्भाच्या नावानं स्वतःचा पक्ष काढून लढले, पडले. २००९ ले पुन्हा कमळ, पुन्हा पडले. त्याच्यानंतर आसाम, तामिळनाडू, पंजाब, तीन तीन राज्याचे राज्यपाल. अन् दत्ता मेघे? ते २०१४ ले भाजपात! म्हणजे १९९१ ले एकमेकाच्या समोर उभे राहिलेले दोघं शेवटी एकाच मांडवात. आमच्या हातमागाच्या खोलीत पुरोहितजीचा पंजावाला फोटो होता. १९९१ ले बाबानं तो उतरवला नाई, खालचा पंजा तेवढा कागद चिकटवून झाकला.

आमच्या हलबा समाजाचं मत लोकं गृहीत धरते. पण जातीच्या (आदिवासी असल्याच्या) दाखल्याचा प्रश्न जो कोणी सोडवीन म्हणते त्याच्याइकडे आमचे लोकं पाहते. काँग्रेसनं सांगितलं सोडवतो, भाजपनं सांगितलं सोडवतो. पोट्टे अजून व्हॅलिडिटीच्या लाइनीत.

मुळामुठा

पंजावर कागद! हे कुठल्याही निकालाच्या तक्त्यात सापडणार नाही. कोष्टीपुरा, तुम्ही वेगळा धागा काढाच.

एक शंका. मग मतदान टक्का इतका कमी का? इतकं राजकारण मुरलेलं शहर आणि २०२४ ला जेमतेम ५४ टक्के?

आकडेमोड

पुण्याच्या माणसानं हे विचारावं! पण उत्तर देतो. २००९ ला तर ४३ टक्क्यांच्या आसपास होतं. ते २०१४ ला ५७ वर गेलं. गडकरींच्या पहिल्या विजयात या वाढलेल्या मतदानाचा वाटा मोठा होता असं माझं मत. नंतर तो टक्का पुन्हा घसरत गेला आणि मताधिक्यही : २ लाख ८४ हजार, मग २ लाख १६ हजार, मग १ लाख ३७ हजार. २०२४ ला पैजा लागल्या होत्या पाच लाखांच्या लीडच्या. आमच्या ऑफिसात तर्री-पोह्याची पार्टी कोणीच जिंकलं नाही.

झेंडावंदन

१९ एप्रिलला ऊन किती होतं ते पण लिहा. दुपारी दोन वाजता कोण निघतं बे घराबाहेर?

इंदोरा_चौक

आमच्या वस्तीत ऊन कमी पडतं वाटतं. निघतात सगळे.

संत्राबर्फी

ऊन ठीक आहे हो, पण यादीचं काय? माझा अनुभव सांगते, कोणाला नावं ठेवायला नाही.

मी धरमपेठेत वाढले, आता बंगळुरात असते, पण मत नागपुरातच ठेवलं होतं. मुद्दाम. २०१४ आणि २०१९ दोन्ही वेळा आले होते. २०२४ ला सुट्टी टाकली, शुक्रवार होता, सकाळच्या विमानानं आले. केंद्र तेच, आमच्या जुन्या शाळेची तीच खोली, त्याच बाकांवर ते लोक बसलेले. बाई यादीत बोट फिरवत गेल्या. आमच्या घराच्या क्रमांकावर थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमचं नाव नाही. पण हे एक नाव आहे, या आल्यात का?" ते माझ्या आईचं नाव होतं. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मीच तिचा मृत्यूचा दाखला जोडून नाव कमी करायचा अर्ज दिला होता. बहुतेक एका ओळीची चूक झाली. तिच्याऐवजी माझं कमी झालं.

बाहेर येऊन उसाचा रस प्यायले आणि संध्याकाळच्या विमानानं परत.

कोष्टीपुरा

अरे बापरे ताई.

तात्या_महाल

संत्राबर्फी, पोरी, फॉर्म ६ पुन्हा भरलास का? विधानसभेला नोव्हेंबरात तरी नाव आलं होतं का?

संत्राबर्फी

भरला तात्याकाका. विधानसभेच्या वेळी नाव आलं, पण सुट्टी मिळाली नाही. भावानं यादीचा फोटो पाठवला. माझं नाव आहे. आईचंही आहे.

तात्या_महाल

अनसूयाबाईंच्या वेळेपासून नागपूरच्या बाया मत देऊन राहिल्यात. तुझी आई कोणाला द्यायची?

संत्राबर्फी

आईनं कधी सांगितलंच नाही. बाबा एकदा विचारून थकले. १९९६ ची गोष्ट, पोळ्या लाटत होती, म्हणाली, "गुप्त असतं ना ते? मग?"